अंदाज बांधणारं कार्ड

दुपारचं जेवण उरकलं, की प्रफुल्लराव सरोदे मासे पकडायला बसायचे. अकोल्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लॅपटॉपसमोर. खेळात होडी एकच आणि माणसं दोन. वल्ही प्रफुल्लरावांकडे आणि जाळं न्यूझीलंडमधल्या ईश्वरीकडे, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीकडे. ती तिकडे तेव्हा काम आटोपून घरी आलेली असायची.

बापलेक फोनवर बोलत नसत. ईश्वरीची परीक्षा होती म्हणून आईचं दुखणं तिला कळवलं नव्हतं, आणि कळवलं तेव्हा फार उशीर झाला होता. 'पोरीच्या जिवाला उगाच घोर नको' हे सगळ्या नातेवाइकांनी मिळून ठरवलं होतं, बोल मात्र एकट्या प्रफुल्लरावांना लागला. त्यानंतर कुठलाही फोन फिरून फिरून तिथेच यायचा आणि आदळायचा. त्यापेक्षा खेळ बरा होता. "डावीकडे घ्या, बाबा", "थांबा, आलं आलं!" एवढंच बोलायचं. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

अडचण होती ती लॅपटॉपची. ऐन लाटेत चित्र गोठायचं, नाव खडकावर जायची आणि ईश्वरी वैतागायची. एक दिवस ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा, बंदच करू या का हे?" लॅपटॉप काखेत मारून प्रफुल्लराव तडक तस्नीमच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि लेकीबरोबरच्या खेळाची सगळी रड त्यांनी तिला ऐकवली.

"काका, ग्राफिक्सची चिप बोर्डालाच चिकटून येते, ती नाही बदलता येत," तस्नीम म्हणाली. "पण हा डबा बाहेरून जोडता येईल. यात नवीन कार्ड आहे, अंदाज बांधणारं."

"कशाचा अंदाज?"

"पुढच्या चित्राचा. तिकडून माहिती यायला उशीर झाला, तर ताई काय करतील, काय बोलतील, ते त्यांच्या सवयींवरून ओळखून कार्ड चित्र काढून मोकळं होतं. आवाजसुद्धा त्यांचाच. खरी माहिती आली की दुरुस्त करतं. अंदाज किती बांधू द्यायचा, ते या सरकत्या पट्टीवर ठरवायचं. थोडाच ठेवा बरं का, काका."

खरी माहिती आलीच नाही तर काय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. शिवाय पंखा असो की गिझर, बटण शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. घरी येऊन त्यांनी पट्टी टोकाला नेऊन ठेवली.

मग काय विचारता! पाणी पाण्यासारखं दिसू लागलं. नाव अडकेना. ईश्वरीचं जाळं नेमकं पडू लागलं, आणि मासा निसटला तरी ती चिडेना, उलट हसायची. पोरीचा राग निवळला, असं प्रफुल्लरावांनी मनाशी धरलं. त्या आनंदात त्यांनी जेवणात गोडही करायला सुरुवात केली, एकट्यापुरतं.

एका दुपारी रस्ता खोदणाऱ्यांनी गल्लीतली इंटरनेटची तार तोडली. राउटरवर लाल दिवा लागला. प्रफुल्लरावांचं तिकडे लक्ष गेलं तेव्हा खेळ रंगात आला होता आणि ईश्वरी म्हणत होती, "डावीकडे घ्या, बाबा."

त्यांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तार तुटली होती, तरी लेक बोलत होती. त्यांनी पट्टी शून्यावर आणली. नावेत ते एकटेच उरले.

रिकाम्या घराची त्यांना सवय होती, पण ती रिकामी नाव काही बघवेना. संध्याकाळी तार जोडली गेली, दिवा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी जेवण टाकून ते खेळायला बसले, तरी ईश्वरी आली नाही. पोरीला काही झालं तर नाही? न राहवून त्यांनी फोन लावला.

"बाबा?" तिचा आवाज सावध होता. "बरे आहात ना?"

"तू खेळायला येत नाहीस?"

"हे आज विचारताय? महिना झाला. म्हटलं, बघू तरी तुम्हाला माझी आठवण येते का. तुमचा साधा मेसेज नाही. मला वाटलं, सुटलात एकदाचे."

प्रफुल्लरावांनी सगळं सांगितलं. डबा, कार्ड, टोकाला नेलेली पट्टी. सांगता सांगता त्यांना स्वतःचीच शरम वाटू लागली. महिनाभर लेक नव्हती आणि बापाला पत्ता नव्हता. त्यापेक्षा आठवण आली नाही असं म्हणणं सोपं गेलं असतं.

मग ईश्वरीने हळूच विचारलं, "कशी होती ती, बाबा? माझ्यापेक्षा बरी?"

खरं उत्तर त्यांना माहीत होतं. कित्येक वर्षांत त्यांचा एखादा महिना इतका सुखाचा गेला नव्हता. लेक परत येईल ती खरं सांगून, की खोटं सांगून?