चार तासांचा पहारा

“चपला! आधी चपला काढा!”

मास्तर दारातच थबकला. खांद्यावर फाटकं, ओलं शीड आणि एक पाय शिडांच्या कारखान्याच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर. शीड सपाट पसरता यावं म्हणून त्या जमिनीत खड्डा करून शिवणयंत्र बसवलेलं होतं. त्यात बसलेली शिंपीण फक्त कंबरेच्या वर दिसत होती.

“शिंपीणबाई, उद्यापर्यंत शिवून द्याल?”

“चार दिवस लागतील.”

“मग रोज येऊन बघू?”

“बघायला काय, शीडच आहे ना?”

“शीडही...” तो हसला, आणि तिचा टाका चुकला.

अकरा वर्षं शाळेत भूगोल शिकवून कंटाळलेल्या मास्तरनं नोकरी सोडून छोट्या खोलीएवढी शिडाची बोट घेतली होती. त्याला जग फिरायचं होतं. ती लहानपणापासून शिडं शिवत आलेली, पण किनारा दिसेनासा होईल इतकी लांब कधी गेली नव्हती. चार दिवसांचं काम दोन महिने चाललं. मग एकदा त्यानं विचारलंच, “येतेस... कायमची?”

तिच्या बाबांनी दातानं दोरा तोडत एवढंच म्हटलं, “आधी पाच दिवस जाऊन ये. मग काय ते ठरव.”

म्हणून पलीकडच्या बंदरापर्यंतचा हा प्रवास. नियम एकच होता. चार तास तो सुकाणूवर, चार तास ती, आणि पहारा संपला की दुसऱ्याला उठवायचं. काही झालं तरी उठवायचं.

पहिल्याच दिवशी तिला बोट लागली. पोटात पाणी ठरेना. तरी ती वेळेवर उठायची, शेजारी बादली घेऊन सुकाणू धरायची.

“मास्तर, मी बरी दिसते का?”

“हिरवी दिसतेस. पण हिरवा मला आवडतो.”

तिसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा आठ तास उलटून गेले होते. मास्तरनं गजर बंद केला होता.

“का नाही उठवलंस?”

“उठवणारच होतो... गालाखाली हात घेऊन झोपली होतीस. धीर नाही झाला.”

तिनं तेव्हाच चिडायला हवं होतं. पण ते तिला इतकं आवडलं, की ती काही बोललीच नाही. हे तिला पुढे फार महागात पडलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी कुणाच्या तरी ओरडण्यानं ती दचकून उठली. वर धावली. तिला पुन्हा न उठवता जागत बसलेला मास्तर सुकाणूवरच मान टाकून गाढ झोपलेला, आणि समोर दहा हातांवर एक म्हातारा कोळी आपल्या होडीत उभा राहून जिवाच्या आकांतानं हात हलवत होता. तिनं मास्तरला बाजूला ढकललं आणि सगळा जोर लावून सुकाणू ओढलं. बोट त्या होडीला घासून गेली. म्हातारा वाचला. त्याच्या शिव्या बराच वेळ ऐकू येत होत्या, आणि त्यातली एकही चुकीची नव्हती.

बंदरात उतरल्यावर दोघं बसथांब्याच्या बाकावर बसले.

“बोट विकून टाकतो,” मास्तर म्हणाला.

“आणि रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभा राहशील. मला नाही बघवणार ते.”

“मग चल ना माझ्याबरोबर! यापुढे नियम पाळीन.”

ती त्याच्याकडे वळली. “खरं सांग. मी अशीच आजारी आहे, गाढ झोपलेय. तुझा पहारा संपला. उठवशील?”

खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “नाही गं उठवू शकणार. माझं फार प्रेम आहे तुझ्यावर.”

“माझंही आहे,” ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. “मीही नाही उठवणार तुला.”

तिच्या गावाकडे जाणारी बस आली. त्यानं तिची पिशवी वर ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

“एकटा असताना काय करशील?”

“दर वीस मिनिटांनी गजर लावीन. एकटे जाणारे तसंच करतात.”

“आणि उठशील?”

“उठेन की. स्वतःची कुठे दया येते!”

तिनं खिडकीतून त्याचा हात धरला. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा सोडला.