हिरव्या ठिगळाचं शीड

"माह्या वांग्यायवर नाव काऊन घातली रे?"

रूपरावाशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे असं! सत्त्याहत्तरचा भादवा, वर्धा नदी भरलेली, त्यात वादळी वारा. पल्याडचा हा भाजीवाला शेतकरी पोत्यांचं शीड लावून आष्टीच्या बाजाराला निघालेला. वाऱ्यानं त्याला आमच्याच वाडीत आणून आपटलं. शीड फाटलेलं, फळी तडकलेली, आणि हा चिखलात उभा राहून हसतोय!

"मी कुठं घातली? वाऱ्यानं घातली."

"मंग वाऱ्यालेच सांगजो दुरुस्त कराले!"

बाबांनी मात्र त्याला ठेवून घेतलं. तो फटीत कापूस कोंबून वर डांबर लावायचा. शीड शिवायचं काम माझ्याकडे आलं. दाभण, सुतळी आणि माझ्या जुन्या हिरव्या पातळाचं ठिगळ. टाके मी चांगले घट्ट घातले. रविवारी आंजीचे पाहुणे मला पाहायला येणार होते... हा लवकर गेलेला बरा. खोटं कशाला सांगू, तो जाऊ नये असंच मला वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी पाहते तर शीड उसवलेलं!

"वाऱ्यानं उसवलं," तो म्हणाला.

"माह्या हातचा टाका वाऱ्यानं उसवत नाई!" माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात त्याच्या खिशातून लोंबणारी सुतळी दिसली. "...तू उसवलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "डांबर तं वाळलं... शीडही झालं असतं, तं राहाले कारण काय सांगू?"

मी दाभण घेऊन पुन्हा शिवायला बसले. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"जा म्हणतं तू मले?"

"जा. अन् रविवारी पाहुणे यायच्या आधी तुह्या मायले घेऊन येजो. मंग कारण नाई लागत."

रविवारी वारा पुन्हा पिसाळला. अर्धी वेणी तशीच सोडून मी काठावर. पाहुण्यांची बैलगाडी पांदण रस्त्याला लागल्याचं कोणीतरी ओरडून सांगितलं, आणि नदीवर काहीच नाही.

मग वळणावर हिरवं ठिगळ दिसलं!

शिडाखाली त्याची माय, कुंताबाई, मांडीवर नारळ घट्ट धरून बसलेली. उतरता उतरताच तिनं विचारलं, "हा टाका कोणाचा व? मधात असा वारा सुटला, मी सारे देव आठवले, पण हा काई उसवला नाई."

"माहा," मी कशीबशी म्हणाले.

"मंग चाल लवकर. हा नारळ गाडी यायच्या आधी तुह्या बापाच्या हाती देऊ दे मले."