घोटू थांबला कशासाठी?

गॅरेजची जमीन कोरडी होती, घासूनपुसून स्वच्छ केली होती आणि लेपाचे डबेही येऊन पडले होते. तरी घोटू कामाला हात लावत नव्हता. का?

तो मुद्दाम वेळ काढतोय, अशी स्वरूपाची खात्री होती.

जव्हारच्या टेकडीवर उडत्या रुग्णवाहिकेसाठी नवं गॅरेज बांधलं होतं. रुग्णवाहिकेची वैमानिक म्हणजे स्वरूपाची आई. काँक्रीटची धूळ पंख्यांत गेली तर ते अडकतात, म्हणून जमिनीवर इपॉक्सीचा (राळ आणि तिला कडक करणारं द्रव्य मिसळून केलेला) लेप हवा होता. उद्या तपासणी होती. जमीन तयार नसली, तर रुग्णवाहिका शेजारच्या तालुक्याला जाणार होती. आणि लेप देणारा यंत्रमानव घोटू आला होता नेमका त्याच तालुक्यातून.

दाराआडून स्वरूपा त्याच्यावर नजर ठेवून होती. पूर्वेच्या दारातून ऊन आत आलं होतं. घोटूने जमिनीला तळवा लावला आणि हळूच कुणाला तरी सांगितलं, "अजून चढतंय. मी काम थांबवून ठेवतो."

स्वरूपा पुढे झाली. "कुणाशी बोलत होतास?"

"हवामान केंद्राशी. तापमान चढतंय. वेळ झालेली नाही."

"खोटं."

"मी खोटं बोलत नाही."

सगळे खोटारडे हेच म्हणतात, असं मनाशी म्हणत ती आजोबांकडे गेली. आजोबांचं सारं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं होतं. तिचं ऐकून ते म्हणाले, "संशय आहे ना, मग तपासून बघ. हातमोजे आणि मास्क घाल. कोपऱ्यात वीतभर जागा पुरे."

त्यांच्यासमोर तिने दोन्ही द्रव्यं थोडी थोडी मिसळली आणि कोपऱ्यात लावली. लेप आरशासारखा चमकला. तिने घोटूकडे रोखून पाहिलं. पण थोड्याच वेळात लेपावर बारीक बुडबुडे आले, फुटले आणि त्यांच्या जागी भोकं राहिली.

"याने डब्यात काहीतरी कालवलंय," ती म्हणाली.

"असेल. मग उरलेला लेप या काचेवर लाव," आजोबा म्हणाले.

काचेवर एकही बुडबुडा आला नाही. लेप तोच होता, माणसंही तीच. म्हणजे गडबड होती जमिनीत.

आजोबांनी एक रिकामी बाटली घेतली आणि तिच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरला. "आता ही दोन्ही हातांत घट्ट धर."

तळव्यांच्या उबेने पडदा फुगून वर आला. मग बाटली गार पाण्यात ठेवली, तर तोच पडदा आत ओढला गेला.

"गरम हवा पसरते, गार हवा आकसते," स्वरूपा सावकाश म्हणाली. "काँक्रीटमध्येही हवा असते?"

"काँक्रीट सच्छिद्र (बारीक बारीक भोकांचं) असतं. प्रत्येक भोकात हवा," घोटू म्हणाला. "जमीन तापत असताना ती हवा लेपातून वर येते. जमीन निवू लागली की हवा आकसते आणि लेपाला आत ओढते. मग लेप घट्ट धरून बसतो."

"मग अगदी गार झाल्यावर रात्रीच लावू."

घोटूने तिच्यासमोर बर्फाच्या पाण्याचा स्टीलचा पेला ठेवला. बघता बघता पेल्याला बाहेरून घाम फुटला.

"पेला दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याच्या) खाली गेलाय. इथे थंडीत रात्री जमीनही अशीच ओली होते. ओल्यावर लेप चिकटत नाही."

"म्हणजे जमीन निवायला लागल्यावर, पण दव पडायच्या बरंच आधी. हे सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तू 'का' असं विचारलंच नाहीस. कुणाशी बोलतोस, एवढंच विचारलंस."

स्वरूपाला ओशाळल्यासारखं झालं. तरी दुपारी तिने तापमापी स्वतः जमिनीवर टेकवली. त्याच्या शब्दावर ती विसंबणार नव्हती. आकडा थबकला, मग घसरला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर आणखी खाली.

"उतरतंय," ती म्हणाली.

घोटूने आधी तिचा कोपरा खरवडून काढला आणि मग लेप पसरायला सुरुवात केली. हा नव्या प्रकारचा लेप होता, रात्रभरात कडक होणारा. अंधार पडेपर्यंत स्वरूपा उंबऱ्यावर बसून बुडबुडा शोधत राहिली. एकही सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनीसबाईंनी जमिनीवर नखाने ओरखडून पाहिलं आणि होकाराची मान हलवली. आईने स्वरूपाला जवळ घेतलं. "गेला का संशय?"

"याच्यावरचा गेला," स्वरूपा म्हणाली. मग घोटूकडे वळली. "पण चंद्रावर हवाच नाही. तिथल्या जमिनीच्या भोकांत आकसायला काही नसेल. मग तिथे लेप आत कसा ओढला जाईल?"

"मला माहीत नाही," घोटू म्हणाला.

स्वरूपाने आजोबांकडे पाहिलं. त्यांनीही नकारार्थी मान हलवली. काचेला तर भोकंच नाहीत, मग तिच्यावरचा लेप किती घट्ट बसलाय ते बघायला ती काच आणायला आत पळाली.