गेल्या भेटीचे आभार

नव्या रेनकोटला लटकणारी किमतीची चिठ्ठी आईने दातांनी तोडली, तेव्हा मी म्हटलं, "कात्री समोरच आहे, आई."

"दात काय लांब आहेत?" ती म्हणाली.

चिठ्ठी निघाली, पण कॉलरपाशी प्लास्टिकचा बारीक दोरा राहिला. "राहू दे, नंतर काढीन," म्हणत ती आरशासमोर वळून वळून पाहू लागली. रेनकोट हळदीसारखा पिवळा होता. मॉस गावातल्या तिच्या छोट्या स्वयंपाकघरात वॉफलचा वास भरला होता. खिडकीबाहेर पलीकडच्या काठाला जाणारी बोट धक्क्यावरून निघत होती.

"कशी दिसते मी?"

"रस्ता खणणाऱ्या माणसासारख्या," वॉफलवर तपकिरी चीज रचत स्टायनर म्हणाला. स्टायनर म्हणजे माझा जोडीदार. ओस्लोला आम्ही एकत्र राहतो.

"लग्न न करता सासूची एवढी थट्टा करतोस. लग्न केलंस तर मला घरातून हाकलशील."

"म्हणून तर करत नाही, सासूबाई."

आई पोट धरून हसली. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जाणार होतो. दर वसंतात आई आणि मी दोन दिवस कुठल्या तरी शहरात भटकून यायचो. लिस्बन झालं, प्राग झालं, गेंट झालं. ती चालून चालून मला दमवायची, तिथल्या कॉफीला नावं ठेवायची आणि हॉटेलच्या नाश्त्यातले कडक पाव रुमालात बांधून खिशात टाकायची. गोथेनबर्ग गाडीने अगदी जवळ, म्हणून दर वर्षी राहून जायचं. "ते कुठे पळून जातंय?" ती म्हणायची.

त्या दिवशी ती एका शेजारणीच्या दफनविधीला जाऊन आली होती, पण सुतकी वगैरे अजिबात नव्हती.

"निम्म्या थडग्यांच्या दगडांवर तेच कोरलेलं. 'सगळ्याचे आभार.' तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. माझ्या दगडावर ते नको हं, तूरुन."

"मग काय हवं?"

"'गेल्या भेटीचे आभार.' वाचणारा जरा दचकेल तरी."

मग तिने कप बशीत पालथा घातला. उत्तरेतल्या तिच्या गावची ही रीत. कप पालथा म्हणजे पुरे, आता कॉफी नको. पालथा घातलेला कप दुसऱ्या कोणी सरळ करायचा नसतो, असंही ती सांगायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

"येते गं," मी दारातून म्हटलं.

"ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती झोपेतून उठलीच नाही.

आमच्याकडे नॉर्वेत, आणि शेजारच्या स्वीडनमध्येही, कोणी पुन्हा भेटलं की नमस्काराच्याही आधी गेल्या भेटीचे आभार मानतात. लग्नात भेटलेला माणूस, जेवायला बोलावलेला शेजारी, अगदी दात काढणारा डॉक्टरसुद्धा. समोरच्याने "तुमचेही" म्हणायचं. त्यात जीव ओतायचा नसतो, शिंक आल्यावर रुमाल काढावा तसं ते तोंडातून निघतं. आईला मात्र मी कधी तसं म्हटलं नव्हतं. कोणीच आपल्या आईला म्हणत नाही. आई पुन्हा भेटते असं आपल्याला वाटतच नाही. ती असतेच.

दगड कोरणाऱ्या बाईंनी नावाखाली काय घालू म्हणून दोनदा विचारलं. मी अजून सांगितलेलं नव्हतं. नावाखालची जागा कोरीच होती. पिवळा रेनकोट मी ओस्लोला आणून कपाटात टांगला होता. दोरा काढायला हात धजत नव्हता.

ऑक्टोबरात स्टायनर म्हणाला, "चल, ते गोथेनबर्ग एकदा उरकून टाकू या. दोन दिवस हिंडू, कोळंबी खाऊ. तुझी आई म्हणाली असती, एवढी सुट्टी आहे आणि घरात काय बसताय?"

मी एका विश्वकोशाच्या नोंदी तपासण्याचं काम करते. कोण, कुठे, कशावरून, हे विचारणं माझा व्यवसाय आहे. हे सांगते ते एवढ्यासाठी की पुढचं मी त्याच नजरेने पाहत होते.

गोथेनबर्गला कोरडी, उजळ थंडी पडली होती. जुन्या लाकडी घरांच्या गल्लीत आम्ही एका कॉफीच्या दुकानात शिरलो. काचेमागे दालचिनीचे बन रचले होते, एकेक जेवणाच्या ताटाएवढा. काउंटरमागच्या बाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अरे वा! गेल्या भेटीचे आभार!"

"तुमचेही," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी या शहरात आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण आमच्याकडची कोणती बाई तसं सांगेल? समोरच्याला ओशाळं करायचं, त्यापेक्षा खोटं हसलेलं बरं. मी हसले.

"आणि आई? आज आल्या नाहीत?"

"नाही," मी म्हटलं. "आज नाही."

"फार मजेशीर बाई. बन बघून म्हणाल्या, हा खायचा की गाडीला लावायचा? आणि आमच्या कॉफीला काय नावं ठेवली, बाप रे!"

बाहेर आल्यावर स्टायनर हसत सुटला. "तुझी जुळी बहीण आहे इथे. तिची आईही तसलीच खडूस."

"अंदाजाने बोलली असेल."

"स्वीडिश माणसाला आपण सगळे सारखेच दिसतो गं. उच्चार ऐकला, झाली ओळख."

ते पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. बन चांगला होता, आम्ही दोघांनी मिळून अर्धाच संपवला. मग मासळीबाजार पाहिला, उभ्याने कोळंबी खाल्ली आणि नदी ओलांडायला छोट्या फेरीबोटीत चढलो. पण मी नकळत माणसांच्या तोंडाकडे पाहू लागले होते. कोणाचा चेहरा फुलतो का, ते.

बोटीत आतल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते. पायाशी तपकिरी, केसाळ कुत्रा. कुत्रा उठला, सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या कोटाच्या खिशात नाक खुपसून हुंगू लागला.

"रोल्फ! लाज सोडलीस का?" म्हातारबुवा म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी टोपी उचलली. "हां, तरीच. गेल्या भेटीचे आभार, पोरी."

"तुमचेही," मी म्हटलं. या वेळी मी ते जाणूनबुजून म्हटलं.

स्टायनरने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या आईनेच लावलेली सवय," म्हातारबुवा म्हणाले. "खिशातून कडक पाव काढून काढून चारला. मी म्हटलं, बाई, तो लठ्ठ होईल. तर म्हणाल्या, आपणही कुठे बारीक आहोत?"

"कधी?" मी विचारलं.

"आता कधी म्हणून काय सांगू? पाऊस होता. तू इथेच आत बसली होतीस, या बाकावर. त्या बाहेर कठड्याशी. मी म्हटलं, पोरीला बोलवा की बाहेर, नदी बघेल. तर म्हणाल्या, नको, वाऱ्याने तिचे कान दुखतात."

लहानपणापासून वाऱ्याने माझे कान दुखतात. स्टायनरलाही मी ते कधी सांगितलेलं नाही. टोपी घालते, एवढंच.

"आणखी काय म्हणाली?"

"काचघरात जाणार म्हणाल्या, बागेतल्या. म्हणाल्या, मी पुढे जाऊन बसते. ही प्रत्येक पाटी वाचत मागे रेंगाळते. पण शेवटी येतेच ती."

बोट धक्क्याला लागली. कुत्रा उतरताना दोनदा मागे वळला. पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर बाहेरच्या कठड्याकडे होती.

"परत जाऊ या का, हॉटेलवर?" स्टायनरने विचारलं.

"भीती वाटते तुला?"

"त्या म्हाताऱ्याची नाही. तू हसतेयस, त्याची वाटते."

मी हसत होते, हे मला कळलं नव्हतं. भीतीही वाटत नव्हती. विश्वकोशात एखादी नोंद दुसरीकडे बोट दाखवते, तिथे गेलं की ती तिसरीकडे, तसं मला नुसतं पुढचं पान पाहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर एकच हवं होतं. दारातून "येते गं" म्हणून मी निघाले होते, आणि आलेच नव्हते. ती कुठे बसली असेल तर मला तिथे पोहोचायचं होतं.

काचघर बागेच्या मध्यावर उभं आहे, पांढऱ्या लोखंडी सांगाड्याचं. आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. ओल्या मातीचा, पिकत्या फळांचा वास. ताडांच्या बुंध्यांना पाट्या लावल्या होत्या. सवयीने मी पहिली वाचली, दुसरी वाचली. मग थांबले, आणि उरलेल्या न वाचता पुढे गेले.

"मी कॉफी आणतो," मागून स्टायनर म्हणाला. "तू बस कुठेतरी. पांढरीफटक पडलीयस."

केळीच्या झाडांमागे एक गोल टेबल होतं. तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीच्या पाठीवर हळदीसारखा पिवळा रेनकोट टाकलेला होता.

असे रेनकोट हजारोंनी विकले जातात. हे मी मनाशी स्पष्ट शब्दांत म्हटलं.

रेनकोट ओला होता. बाहीच्या टोकाकडून फरशीवर पाणी ठिबकत होतं. टप. टप. बाहेर सकाळपासून एक थेंब पडला नव्हता.

मी कॉलर उलटून पाहिली. प्लास्टिकचा बारीक दोरा होता.

टेबलावर बशी होती, बशीत कप पालथा.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी कप उचलला. आत कोंडलेली वाफ माझ्या बोटांवर आली. कप गरम होता.

चष्मा पुन्हा धुरकटला. तो पुसायला हात मोकळा हवा, म्हणून मी कप खाली ठेवला. ठेवताना सरळ ठेवला.

स्टायनर ट्रेमध्ये किटली आणि दोन कप घेऊन आला. माझ्यासमोर बसला. माझा कप भरला, आपला भरला, आणि न थांबता तिसराही भरला, काठापर्यंत. मग मधल्या खुर्चीकडे वळून, मॉसच्या स्वयंपाकघरात असायचा तसल्या खट्याळ आवाजात म्हणाला, "गेल्या भेटीचे आभार, सासूबाई."

किटली त्याच्या हातात अधांतरी राहिली.

"तूरुन," तो हळूच म्हणाला. "मी कोणाला म्हणालो?"

मॉसच्या दगडावरची कोरी जागा मला दिसत होती. तिथे दोनच गोष्टी कोरता येतात. एक, 'सगळ्याचे आभार', म्हटली की दार लागतं. दुसरी म्हटली की समोरच्याला "तुझेही" म्हणावंच लागतं. आमच्याकडे ते उत्तर चुकवत नाही कोणी.

रेनकोटची टपटप चालू होती. मी मधल्या खुर्चीकडे वळले, श्वास घेतला.

टपटप थांबली.

"गेल्या भेटीचे आभार, आई," मी मोठ्याने म्हटलं.