गाण्याआधीची भानगड

"त्या नटीवर तुझं खरंच प्रेम आहे... की नवं गाणं येतंय?"

प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, काबुला आणि एस्तेरचा. संध्याकाळच्या फेरीबोटीवर, रताळ्यांच्या पोत्यांमागे, काळा चष्मा आणि लोकरी टोपी घालून शिगेला उभा होता. हो, तोच शिगेला! सरोवराकाठच्या आमच्या म्वांझा शहरात ज्याचं गाणं लावल्याशिवाय एकही मिनीबस स्टँडवरून हलत नाही. काबुलानं मला कोपरानं ढोसलं. "मिंझा, शाळेच्या कॉयरमध्ये आमच्यावर ओरडतेस ना? मग जा, विचार त्याला. नाही विचारलंस तर आजपासून तुझं नाव कोंबडी."

कोंबडी व्हायची माझी मुळीच तयारी नव्हती. नुकतंच मला कॉयरची, म्हणजे शाळेच्या गायनवृंदाची, प्रमुख केलं होतं, आणि तेव्हापासून मी चालतानासुद्धा मान जरा जास्तच ताठ ठेवत होते. गेले. विचारलं.

तसं उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्याकडे पावसाआधी वाळवीला पंख फुटतात आणि गाण्याआधी गायकाला प्रेम फुटतं. आधी पेपरात फोटो, मग रेडिओवर रुसवेफुगवे, मग कुणीतरी मुलाखतीत रडतं... आणि लोकांनी कान टवकारले, की गाणं येतं! गाणं जुनं होतं, प्रेमही संपतं. कुणाला वाईटसुद्धा वाटत नाही.

शिगेलानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. डोळे हसरे होते, पण झोप न झालेले.

"गाणं येतंय," तो हळूच म्हणाला. "त्या नटीला मी अजून पाहिलेलंही नाही. पण कुणाला सांगू नकोस हं, शाळा."

"माझं नाव शाळा नाही."

"गणवेश तर तसंच म्हणतोय."

"गेल्या वर्षी तूही याच बोटीवर गणवेशातच असायचास. एक मोजा वर, एक खाली."

"अच्छा!" त्यानं चष्मा काढूनच टाकला. "म्हणजे माझे मोजे बघत होतीस तू?"

मला सरोवरात उडी मारावीशी वाटली. मागे त्या दोघी पोत्यांवर लोळून हसत होत्या.

दर आठवड्याला तो आईला भेटायला पलीकडच्या काठावर यायचा. त्याचं घर मासे वाळवायच्या वाळूपाशी, आमचं वर चर्चजवळ. मग काय... माझी ती नेमकी बोट कधीच चुकेना. काबुला म्हणायची, "आज कॉयरची तालीम लवकर संपली वाटतं?" मी म्हणायचे, "प्रमुख मी आहे. मी म्हणेन तेव्हा संपते!"

एकदा तो कठड्याला टेकून काहीतरी गुणगुणत होता. *पलीकडे दिवा लागला, की मला घर आठवतं...* शेवटी सूर असा वर चढवायचा, की खडकांवरचे पाणकावळेसुद्धा दचकावेत.

"वर नको नेऊस," माझ्या तोंडून निघून गेलं. "खाली आण."

"काय?"

"घर आठवतंय ना तुला? मग एवढा ओरडतोस कशाला? घर आठवलं की माणूस हळू बोलतो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "स्टुडिओत पाच जण बसलेले असतात. एकानंही हे सांगितलं नाही मला."

"ते तुझे चाहते असतील. मी नाहीये."

"नाहीयेस?"

"...थोडीशी."

मग मी ती ओळ म्हणून दाखवली, खाली आणून, अगदी हलकेच. आणि कशी कुणास ठाऊक, पुढची ओळ आपोआप आली. *अलीकडे तू थांबलास, की घर विसरतं.* इंजिन धडधडत होतं, कुणाच्या तरी टोपलीत कोंबड्या कुरकुरत होत्या. मग त्यानं अंडी विकणाऱ्या मावशींकडून उकडलेलं अंडं घेतलं, सोललं, मध्ये चीर पाडून मीठ-मिरची भरली आणि आधी मला दिलं. बोटाला बोट लागलं. एवढंच. पण त्या रात्री गणिताच्या पुस्तकात मला एकही आकडा दिसला नाही.

"हे गाणं दोघांचं आहे," तो पुढच्या खेपेला म्हणाला. "माझ्याबरोबर गाशील?"

"माझ्या नावानं?"

"मग काय माझ्या नावानं? मिंझा म्हणूनच."

मी हो म्हटलं. आणि तिथेच घोटाळा सुरू झाला.

कारण पुढच्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली : शिगेलानं नटीला सोडलं! त्याचं मन म्हणे 'फेरीवरच्या एका अनोळखी मुलीत' गुंतलंय! कोण ती? शनिवारी तो स्वतः नाव सांगणार... आणि लगेच नवं गाणं!

मिनीबसमध्ये उभ्या उभ्या ऐकलं मी हे. म्हणजे ते अंडं, ते हसणं, ती खाली आणलेली ओळ... सगळी जाहिरात होती? आणि शनिवारनंतर मी कोण? मिंझा नाही. गाणारीही नाही. शिगेलाची या वेळची पोरगी! पुढचं गाणं येईपर्यंत.

त्या संध्याकाळी वारा सुटला होता. पाऊस सरोवरावरून राखाडी पडद्यासारखा सरकत येत होता. शिगेला धावत बोटीवर चढला. ना टोपी, ना चष्मा. लोक बघत होते, त्याला पर्वा नव्हती.

"मिंझा, ऐक..."

"अभिनंदन. शनिवारी गाणं येतंय ना?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. अख्ख्या गावाला माहितीये!"

"मॅनेजरनं सोडली ती बातमी. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की फेरीवर एक मुलगी भेटली, तिचा आवाज ऐक. तर हा म्हणतो, आवाज राहू दे, प्रेम सांगू! शनिवारी रेडिओवर तिचं नाव घे, मग गाणं सोडू. मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, नाव नाही तर गाणंही नाही."

"मग?"

"मग काय... गाणं नाही. वर्षभर थांब म्हणाला. थांबेन."

पाऊस पोचला. सगळे छपराखाली पळाले. आम्ही दोघंच कठड्याशी, मूर्खासारखे भिजत.

"अगं, मी गायक आहे," तो म्हणाला. "मी 'आवडतेस' म्हटलं की लोक विचारतात, गाणं कधी? आता माझं एकही गाणं येत नाहीये. आज नाही, पुढच्या महिन्यात नाही. म्हणून आजच सांगतो... आवडतेस तू मला. खूप."

त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. पावसाचंच असावं.

"तूही मला..." मी म्हटलं. "...म्हणजे, मोजे सोडून बाकी सगळा!"

तो इतका हसला की छपराखालून मावशी ओरडल्या, "अरे, आत या रे वेड्यांनो, न्यूमोनिया होईल!"

आत आलो. टोकाच्या बाकावर बसलो, मध्ये माझं दप्तर ठेवून. आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाणं नाही कसं? गाणं आपलं आहे! आमच्या शाळेचा निरोप समारंभ पुढच्या महिन्यात होता. मंच आहे, माईक आहे, समोर सगळ्यांचे आईबाप. नाव लपवायचं नाही, विकायचंही नाही. आपण आपलं उघड गायचं. मी त्याला हे सगळं सांगून टाकलं.

"तुझे बाबा?" शिगेलानं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच कॉयरमधल्या नव्या पोरासारखा बारीक झाला होता. बाबांना आमच्या काठावर सगळे ओळखतात. चर्चमध्ये ते पुढच्या रांगेत बसतात आणि रेडिओच्या गायकांना 'ती टोळी' म्हणतात.

"सांगेन मी. आजच. शनिवारच्या आत कुणी माझं नाव शोधून काढलं, तर त्यांना ते रेडिओवरून कळायला नको."

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. आईनं मक्याच्या पिठाची घट्ट उगाली वाढली, वर तळलेले बारीक मासे. कपाटावर रेडिओ चालू होता आणि निवेदक आनंदाच्या उकळ्या फुटल्यासारखा बोलत होता : "कोण बरं ही फेरीवरची सुंदरी? श्रोतेहो, तुमचा अंदाज?"

"आपल्याच बोटीवरची म्हणे," आई डोळे मोठे करत म्हणाली. "कुणाची असेल गं? तुझ्या शाळेतली आहे का?"

बाबांनी उगालीचा गोळा बोटांत वळला आणि मान हलवली. "कुणाची का असेना. मला तर त्या पोरीच्या आईबापाचीच कीव येते."

मी हात धुतले. उठले. रेडिओ बंद केला. माझा आवाज अगदी खाली, जागेवर होता.

"बाबा, आई, ती मुलगी मी आहे. रेडिओवरचं बाकी सगळं खोटं आहे, पण तो मला आवडतो, हे खरं आहे. निरोप समारंभात मी त्याच्याबरोबर गाणार आहे, माझ्या स्वतःच्या नावानं. मी ठरवलंय. आणि रविवारी चर्चनंतर शिगेला आपल्याकडे जेवायला येतोय, तेव्हा जी काय कीव करायची ती त्याच्यासमोर करा!"