साठ सेंटिमीटर

घर दुसऱ्या देशात हलवायचं म्हणजे आधी ते घनमीटरमध्ये मोजावं लागतं. धाकटीला हे काम मनापासून आवडलं. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीला कपाटं, गाद्या नि भांड्यांची खोकी मोजून बेरीज करायला सांगितली, तर ती कशाला कुरकुरेल? अडचण एकच होती. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. टोकाची पत्र्याची आकडी कडेवरून निसटायची आणि पट्टी सर्रकन हातात परत यायची.

"आई, जरा टोक धर ना."

"टोक धरायचं काम थोरलीचं," आई म्हणाली. तिने हातातल्या शिवणावरून मानही वर केली नाही.

वडील सुतार होते. त्यांच्या पट्टीने दोघी बहिणी लहानपणी सगळं घर मोजून काढायच्या. थोरली टोक घेऊन पलंगाखाली नाही तर कपाटामागे शिरायची आणि टोक नीट टेकलं की पट्टी दोनदा हलकेच ओढायची. म्हणजे, वाच. मग धाकटीने आकडा मोठ्याने वाचायचा. पुढे वडील गेले. त्यानंतर एका दुपारी थोरली दुरुस्तीला टाकलेली चप्पल आणायला म्हणून गेली, ती गेलीच. दुकानदार म्हणाला, चप्पल तर घेऊन गेली. शोधायचं तिथे सगळीकडे शोधून झालं. तेव्हापासून आईने दाराला आतून कडी लावणं सोडलं.

आता धाकटीला परदेशात नोकरी लागली होती. आईचं हृदय पहिल्यासारखं राहिलं नव्हतं आणि डॉक्टरांनी तिला एकटं ठेवू नका असं बजावलं होतं. पण आई हलायला तयार नव्हती. पोरगी परत आली आणि दाराला कुलूप दिसलं तर काय करेल ती, असं तिचं म्हणणं. महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी आईने एक अट घातली. थोरलीचं सगळं सोबत यायला हवं. एक रुमालसुद्धा मागे राहिला, तर मीही इथेच राहीन.

म्हणून धाकटीने सगळं मोजलं. थोरलीचा पलंग, तिची कपड्यांची पेटी, रिकाम्या बाटल्यांचा तिचा साठासुद्धा. बेरीज सत्तावीसच्या आत बसली. वीस फुटी कंटेनर आतून सहा मीटरपेक्षा जरा कमी लांब असतो. त्यात कागदावर तेहेतीस घनमीटर माल बसतो.

"कागदावर," सामान भरायला आलेला मुकादम हसला. "प्रत्यक्षात अठ्ठावीस धरा, ताई. खुर्चीच्या पायांमधली हवापण जागा खाते. मोठा चाळीस फुटी घ्यायचा होता ना."

धाकटीने त्याला गल्लीचं वळण दाखवलं. चाळीस फुटी गाडी तिथे वळलीच नसती.

"मग यातच बसवू. गादीत कापूस कोंबतात तसं नाही करायचं. भिंत रचतात तसं रचायचं. फट राहिली की समुद्रात माल हलतो आणि मग तिकडे भुगा उतरवून घ्यावा लागतो."

रिकामा कंटेनर तिने आत शिरून स्वतः मोजला. आकडी दाराच्या चौकटीत अडकवून ती आतल्या भिंतीपर्यंत चालत गेली. माप बरोबर होतं. मग माणसांनी वडिलांनी केलेलं रुंद कपाट सगळ्यांत आधी आतल्या भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, त्याच्यापुढे थोरलीचा पलंग सुटा करून लावला, मग खोकी, मग बाकीचं. एकावर एक, जवळजवळ छतापर्यंत. दुपारी शेवटची रांग आली, धाकटीचं टेबल आणि तिचं पुस्तकांचं शेल्फ. ती बसेना. दोन फूट बाहेर राहिली.

धाकटीने बेरीज पुन्हा केली. बेरीज चुकली नव्हती.

मुकादमाने कपाळावर आठ्या घालून सगळा माल उतरवायला लावला. माणसं पुटपुटत होती, पण उतरवत होती. शेवटी आतलं कपाट दिसलं आणि सगळे थांबले. कपाट भिंतीपासून सुटून उभं होतं. धाकटीने फट मोजली. साठ सेंटिमीटर.

"मी पाठ लावून ढकललंय ते," एक जण म्हणाला. त्याच्यावर कुणी आरोप केला नव्हता.

गाडी उताराला उभी असेल, असं धाकटी म्हणाली. मुकादमाने पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली. ती जागची हलली नाही. मग त्याने कपाट पुन्हा भिंतीला लावलं आणि भिंतीतल्या कड्यांना जाड पट्ट्यांनी आवळून बांधलं. धाकटीने कपाटामागे बोटं घालून पाहिली. नखसुद्धा शिरत नव्हतं. माल पुन्हा चढला. या वेळी कुणी थट्टामस्करी केली नाही.

टेबल आणि शेल्फ पुन्हा बाहेर राहिले. तितकेच.

धाकटी बॅटरी घेऊन मालावर चढली. छताखाली हातभर जागा होती, तिथून ती पोटावर सरपटत आत गेली. वरच्या पत्र्याला पाठ घासत होती. बाहेरचे आवाज मागे राहिले आणि तिचा स्वतःचा श्वास तिला मोठा वाटू लागला. कपाटाच्या माथ्यावर हनुवटी टेकून तिने खाली उजेड पाडला.

फट होती.

पट्टे तुटले नव्हते. गाठी सुटल्या नव्हत्या. ते भिंतीपासून कपाटापर्यंत ताठ होते, जणू पहिल्यापासून एवढेच लांब बांधले होते. खालच्या लाकडी तळावर धूळ होती, फक्त मधला लांबट भाग स्वच्छ होता. वर येणारी हवा कोमट होती. तिला वास होता. सोल्यूशनचा, नुकत्याच चिकटवलेल्या चपलेचा.

तिने बॅटरी विझवली आणि तशीच उलटी सरपटत बाहेर आली.

आई फाटकापाशी उभी होती. दिवसभर ती घरातून बाहेर पडली नव्हती.

"किती जागा राहिलीय?" आईने विचारलं.

"साठ सेंटिमीटर. माझं काहीतरी चुकतंय, आई. मी सगळं मोजलं होतं."

"सगळं मोजलंस. तिला नाही मोजलंस." आईचा आवाज अगदी साधा होता, मीठ टाकायचं राहिलं म्हणावं तसा. "पुरेल तेवढी. भिंतीला लागूनच झोपते ती."

मुकादमाने दोघींकडे पाहिलं आणि नजर वळवली. पुन्हा उतरवायला त्याची माणसं तयार नव्हती. टेबल आणि शेल्फ शेजारच्या घरात गेले. दारं बंद झाली, सील लागलं. त्या संध्याकाळी आईने स्वतःची बॅग भरली, घराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कुणी न सांगता शेजारणीच्या हातात दिली. धाकटीला हेच तर हवं होतं. तरी गाडीत बसल्यावर तिला आईच्या चेहऱ्याकडे बघवेना. आई खुशीत होती.

तिकडे पोचल्यावर काही आठवड्यांनी कंटेनर आला. सील तेच होतं. दार उघडलं तेव्हा धाकटी सगळ्यांत पुढे होती. दाराशी दोन फूट जागा मोकळी होती आणि माल त्याच्या आत सरळ भिंतीसारखा उभा होता. एक खोकं कलंडलं नव्हतं. सगळं उतरवल्यावर तिने आतलं कपाट तपासलं. ते भिंतीला घट्ट चिकटून होतं, पट्टे आवळलेले. मागे नखसुद्धा शिरत नव्हतं.

समुद्रात माल सरकला, तिने स्वतःला सांगितलं. इतक्या ओझ्याला लाटा कुठेही ढकलू शकतात. आतली हवा तिने हुंगून पाहिली. फक्त लाकूड आणि गंज. तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

आईने थोरलीचा पलंग धाकटीच्या खोलीत लावायला सांगितला, आतल्या भिंतीलगत. धाकटी नको म्हणाली नाही. आई चालत्या पायांनी इथवर आली होती, रोज औषध घेत होती, जेवत होती. पलंगाचं काय एवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन टेबल घ्यायचं म्हणून ती खोली मोजायला बसली. घरमालकाने दिलेल्या नकाशात ती या भिंतीपासून पलंगामागच्या भिंतीपर्यंत तीन मीटर साठ सेंटिमीटर होती. पलंग आड येत होता, म्हणून तिने पट्टी त्याच्याखालून पलीकडच्या भिंतीपर्यंत सरकवली आणि या बाजूचं टोक भिंतीला टेकवून आकडा पाहिला.

तीन मीटर.

आकडी कुठेतरी अडकली असणार. पट्टी परत घ्यायला तिने कळ दाबली. पट्टी आली नाही. निसटली नाही, सैल पडली नाही, ताठ राहिली.

शेजारच्या खोलीत आई गुणगुणत होती.

पलंगाखालून कोमट हवेची झुळूक धाकटीच्या गुडघ्यांना लागली. मग पट्टी हलकेच ओढली गेली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

धाकटीने आकडा मोठ्याने वाचला.