छत्तीस चित्रांची चोरी

“चार वाजायच्या आत चोर सापडलाच पाहिजे!” श्रद्धाने जाहीर केलं.

“आणि चहाच्या आधी!” धाकटा निलेश म्हणाला.

मे महिन्याच्या सुट्टीत ही भावंडं वास्कोहून पेडण्याला सगुणमामाकडे आली होती. आणि आज सकाळी बाल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या ओसरीवरून, सेजलची पाटीच नाहीशी झाली होती!

मामाच्या नऊ वर्षांच्या सेजलला सगळं कळायचं, पण हातपाय आणि जीभ तिचं ऐकत नसत. त्या प्लायवूडच्या पाटीवर छत्तीस चित्रं होती: पाणी, पाव, आई, पप्पा, नको... सेजल डावी मूठ चित्रावर टेकवायची आणि बोलायची. पाटी करून दिली होती जानकीबाईंनी. त्या पणजीहून अशा मुलांना बोलतं करायला येत. आज त्या चारच्या बसने शाळेच्या बाबलीमास्तरांना घेऊन येणार होत्या. सेजल बोलते हे मास्तरांना दिसलं, तर जूनपासून शाळा. नाही दिसलं, तर आहेच बाल्कांव!

श्रद्धाला सगळ्यांचाच संशय येत होता. पाव विकणाऱ्या पोदेराचा जरा जास्त, कारण त्याच्या टोपलीवरचं प्लायवूडचं झाकण नवंकोरं होतं. निलेशने टोपली तपासली. तपासाला वीस मिनिटं लागली आणि दोन पाव कमी झाले.

“तो निर्दोष आहे,” निलेश तोंड पुसत म्हणाला.

पावाचं चित्र सुटलं म्हणून मामीने ते रात्री शितांनी चिकटवलं होतं आणि पाटी पालथी घालून वर दगडी पाटा ठेवला होता. आता पाटा भिंतीला नीट टेकवलेला होता.

“इतका जड पाटा उचलला, शिवाय नीट टेकवूनही ठेवला! चोर तगडा आहे आणि सभ्यही!” श्रद्धा म्हणाली.

“सेजू, कोणी नेली गे?” मामीने विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाली, “माकडाने?”

“तिला काय विचारतेस? ती काय सांगणार!” असं म्हणत आतून आलेला मामा तसाच स्वागत समितीच्या कामाला बाजारात निघाला. त्याच्या नखांना निळा रंग होता. सेजलने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की श्रद्धाने कान टवकारले.

तिला जानकीबाईंचा नियम आठवला. एका वेळी एकच प्रश्न. मग मनात दहापर्यंत मोजायचं. सेजलचे डोळे वर गेले तर हो, मिटले तर नाही. नियम सोपा होता, फक्त घरातल्या मोठ्या माणसांना तीनच्या पुढे मोजता येत नसे.

“बाहेरच्या कोणी नेली?”

“एक, दोन, तीन, चार... अगं, सांग ना!”

“निलेश, गप्प!”

नवावर डोळे मिटले.

“घरातल्या कोणी?” डोळे वर!

“मामीने?” मिटले.

“मामाने?”

सातावरच डोळे आढ्याला भिडले!

“म्हणजे साक्षीदार सकाळपासून समोर बसलीय,” श्रद्धा म्हणाली, “आणि आपण पोदेराच्या मागे!”

सेजलची चाकांची खुर्ची ढकलत दोघं बाजारात धावली. दोन दिवसांनी, तीस मेला, गोवा घटक राज्य होणार होतं. त्याच्या स्वागताला बाजाराच्या तोंडाशी कमान उभी होती आणि तिच्यावर निळ्या अक्षरांची पाटी: ‘आमची भाषा, आमचं राज्य!’ भाषा कुठली यावर समितीत महिनाभर भांडण झालं होतं, म्हणून नाव घातलंच नव्हतं.

निलेश कमानीच्या मागे जाऊन आला. “पाटीच्या पाठीवर सगळी छत्तीस चित्रं आहेत!”

“मामा, ती पाटी खाली काढ!” श्रद्धा कमानीखाली उभ्या मामाला म्हणाली.

“बाये, ठराव करून लावलीय. ठरावाशिवाय निघायची नाही.”

“पुढची बैठक कधी?”

“दहा जूनला.”

श्रद्धाने आवाज खाली आणला. “असू दे. पण मामा, पाटीच्या पाठीवर कोणीतरी चित्रं चिकटवलीत. ती होती का ठरावात?”

“चित्रं? कोणाची? कारस्थान!” मामा ओरडला. संशय घ्यायला समितीला ठराव लागत नसे. मामा स्वतः शिडीवर चढला, पाटी उतरवली, उलटी केली.

पाणी. आई. पप्पा. पावाला अजून शीत चिकटलेलं.

“मला वाटलं, पाट्याखाली कोरं प्लायवूड पडलंय,” तो पुटपुटला.

निलेशने पुढची बाजू मोठ्याने वाचली, “आमची भाषा...”

“पुरे रे,” म्हणत मामाने पाटी सेजलच्या मांडीवर ठेवली.

तेवढ्यात बस थांबली. जानकीबाई आणि बाबलीमास्तर उतरले. सगळा प्रकार ऐकून मास्तरांनी सेजललाच विचारलं, “पाटी कोणी नेली होती?”

मामाने तोंड उघडलं. जानकीबाईंनी बोट वर केलं. अख्खी समिती दहापर्यंत थांबली. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं!

सेजलची मूठ सावकाश निघाली. पप्पा. मग पाव. मग नको.

“पप्पाला पाव नको!” निलेश ओरडला. “शिक्षा! मामाचा पाव बंद!”

सेजलचे डोळे वर गेले. ती खदखदून हसली.

“गुन्हेगारही सांगितला, शिक्षाही सांगितली,” मास्तर म्हणाले. “माझ्या सातवीला एवढं जमत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी हिला घेऊन या.”

जानकीबाईंनी दोघा भावंडांची पाठ थोपटली. “शाब्बास! प्रश्न सगळेच विचारतात, तुम्ही थांबलात.”

तीस मेला कमानीवर नवी पाटी होती. मामा भाषणाला उभा राहिला, पण आधी खाली सेजलकडे वाकला. “सेजू, अजून रागावलीस?”

माइक चालू होता. सगळ्या बाजाराने ऐकलं, “...आठ, नऊ, दहा.”

सेजलचे डोळे मिटले. मग मूठ पाटीवर फिरली आणि पावावर टेकली.

शिक्षा संपली होती.